पाचवा की चौथा?

घोडेगाव सोडलं, शिनोली मागे पडली की डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागतं, आणि पुढे रस्ता पोखरीच्या घाटाला लागतो. मंचरहून भीमाशंकरला निघालेला मोटरसायकलवाला इथवर बहुतेक वेळ वरच्याच गिअरमध्ये आलेला असतो. घाट सुरू झाला की तो एकेक गिअर खाली टाकतो. पहिल्या वळणाला एक, चढ अंगावर आला की आणखी एक, मागे बसलेल्याचं वजन जाणवायला लागलं की तिसरा. मग मध्येच सपाटी येते, दोन गिअर वर जातात, लगेच पुन्हा वळण येतं, समोरून एसटी येते, आणि एवढ्या धांदलीत हिशेब सुटतो. आता गाडी तिसऱ्यात आहे की दुसऱ्यात? पायाने चाचपून उत्तर मिळत नाही. घाट संपल्यावर याच्या उलट प्रकार होतो. पाच गिअरच्या गाडीत माणूस सहावा गिअर शोधत पंजा वर उचलत राहतो. मोटरसायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने हे केलेलं आहे. कबूल करणारे थोडे.

यात विसराळूपणाचा दोष फारसा नाही. मोटरसायकलचा गिअर लिव्हर बनवलाच असा आहे की त्याला काही लक्षात राहत नाही. तो दाबा, गिअर पडतो, आणि पाय काढला की आतली स्प्रिंग लिव्हरला पुन्हा मूळ जागी आणते. गाडी पहिल्यात असो की पाचव्यात, लिव्हर दिसायला तसाच आणि पायाला लागायलाही तसाच. जीपमध्ये किंवा कारमध्ये असं होत नाही. तिथे दांडा ज्या खाचेत ढकलला तिथेच उभा राहतो, त्यामुळे हात लावला तरी गिअर कळतो. जुन्या स्कूटरवाल्यांना तर ही अडचण ठाऊकच नव्हती. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघालेली बजाज चेतक आठवा. डाव्या हाताची मूठ क्लच दाबून फिरवायची, आणि मुठीपाशीच १, न्यूट्रल, २, ३, ४ अशा खुणा असायच्या. हात ज्या खुणेवर थांबला तो गिअर. मनगटाचा कोनच सगळं सांगायचा. मान खाली घालून बघायचीसुद्धा गरज नव्हती. गिअर इंडिकेटर हे नाव कुणी दिलं नव्हतं, पण तो गिअर इंडिकेटरच होता, आणि त्याला ना वायर लागायची ना बॅटरी.

मोटरसायकलींमध्ये मात्र प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. शिवाय तिला टाचेने दाबायचा एक वेगळा छोटा लिव्हर असे, जो वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रलला आणायचा. न्यूट्रल सापडणं ही एक समस्या आहे हे तिच्या कर्त्यांनी इतक्या सरळपणे मान्य केलं होतं. हीरो होंडाच्या शंभर सीसीच्या गाड्यांत सगळे गिअर पंजाने पुढे खाली दाबत जायचे. पल्सरमध्ये पहिला खाली आणि बाकीचे वर. घरात एक गाडी, भावाची दुसरी, आणि मित्राची मागून आणलेली तिसरी असली, की पायाची सवय कोणत्या गाडीवर भरवसा ठेवणार? समोर आकडा दिसावा ही मागणी चैनीची नाही.

आकडा दाखवायचा तर आधी गिअर इंजिनात नेमका कुठे लिहिलेला असतो ते बघायला हवं. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. पहिला, दुसरा, तिसरा, सगळ्या जोड्या एकाच वेळी फिरत असतात. फरक एवढाच की त्यातली एकच जोडी शाफ्टला जखडलेली असते, बाकीच्यांमधला एकेक गिअर शाफ्टवर मोकळा फिरतो. कोणती जोडी जखडायची हे ठरवतात काटे, म्हणजे शिफ्ट फोर्क. ते गिअरला बाजूला सरकवतात, त्याच्या कडेचे ठोकळ्यासारखे दात शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात, आणि ती जोडी ताकद वाहू लागते. आणि या काट्यांना सरकवणारा असतो एक ड्रम, आखूड जाड लाटण्यासारखा, ज्याच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. काट्यांची टोकं त्या खाचांत बसलेली. ड्रम फिरला की खाच जिकडे वळेल तिकडे काटा सरकतो.

आपण लिव्हर दाबतो तेव्हा प्रत्यक्षात हा ड्रम एक टप्पा फिरवतो. बऱ्याच गाड्यांत एक टप्पा म्हणजे ६० अंश, वर्तुळाचा सहावा भाग. ड्रमच्या टोकाला चांदणीच्या आकाराची चकती असते, आणि स्प्रिंगने दाबलेला एक छोटा रोलर तिच्या दोन टोकांमधल्या खळगीत जाऊन बसतो, म्हणून ड्रम आपोआप पुढेमागे सरकत नाही. पायाला जो ‘टक्’ जाणवतो तो या रोलरचा. पल्सरसारख्या गाड्यांत न्यूट्रलची खळगी पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधोमध असते, अर्ध्या टप्प्यावर, आणि ती मुद्दाम उथळ ठेवलेली असते. नाहीतर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दर वेळी गाडी न्यूट्रलमध्ये अडकली असती. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही म्हणून आपण वैतागतो, ते या उथळपणामुळे.

म्हणजे लिव्हरला काही आठवत नसलं तरी ड्रमला सगळं आठवतं. तो कोणत्या कोनात थांबला आहे, हेच गिअरचं खरं उत्तर.

त्या उत्तराचा एक तुकडा बहुतेक गाड्या पूर्वीपासून दाखवत आल्या आहेत: न्यूट्रलचा हिरवा दिवा. बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या डाव्या बाजूला, पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या झाकणामागे, ड्रमच्या टोकासमोर प्लॅस्टिकचा एक छोटा स्विच बसवलेला असतो. ड्रमबरोबर फिरणारी एक पितळी टिकली न्यूट्रलच्या कोनात आली की स्विचमधल्या टोकाला टेकते, तिथून वायर इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थला जोडली जाते, आणि दिव्याचं सर्किट पूर्ण होतं. बस्स. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या पल्सरला एवढंच होतं, आणि देशातल्या बहुसंख्य गाड्यांना अनेक वर्षं एवढंच पुरलं.

एका टोकाऐवजी सहा टोकं ठेवली तर? न्यूट्रल आणि पाच गिअर, प्रत्येकाला एक. ड्रमची टिकली जिथे टेकेल त्या गिअरची वायर अर्थ होईल. गिअर इंडिकेटरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची पद्धत हीच. सुझुकीने १९७४ च्या जीटी ७५० वर गिअरचा आकडा दाखवला होता. आपल्याकडे हे कौतुक उशिरा आलं. २०१२ मध्ये चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनून केटीएमची ड्यूक २०० बाजारात आली. तिच्या डिजिटल मीटरवर गिअरचा आकडा होता. तिच्या मागोमाग सुझुकीची जिक्सर, टीव्हीएसची अपाची आरटीआर २०० आणि मग इतर गाड्यांच्या मीटरमध्येही तो आला. पुण्याहून भीमाशंकरला जाणारा मंचरचा रस्ता चाकणवरूनच जातो, त्यामुळे या घाटात धापा टाकणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्या जन्मगावावरून वर आलेल्या असतात.

सहा वायरींवरून आकडा कसा उमटतो, यात अभियांत्रिकीच्या पोरांनी वर्षानुवर्षं रस घेतला आहे, आणि तो घेण्यासारखाच आहे. आकड्याच्या डिस्प्लेमध्ये सात पट्ट्या असतात. १ दाखवायला त्यातल्या २ पेटवायच्या, ४ ला ४, आणि २, ३, ५ ला प्रत्येकी ५. न्यूट्रलचा छोटा एन ३ पट्ट्यांत होतो. गिअरची प्रत्येक वायर आपापल्या पट्ट्यांना थेट जोडली तर वीज एका पट्टीतून दुसऱ्या गिअरच्या वायरीत उलटी शिरते आणि सगळंच अर्धवट पेटतं. म्हणून प्रत्येक जोडणीत एक डायोड, जो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. पाच गिअर आणि न्यूट्रल मिळून २४ डायोड. मायक्रोकंट्रोलर नाही, प्रोग्राम नाही. २४ डायोड, काही रेझिस्टर आणि एक डिस्प्ले. हातात सोल्डरिंग आयर्न धरता येणाऱ्याला रविवारची एक दुपार पुरते.

कंपन्या आता सहा वायरी ओढत नाहीत. सेन्सरच्या आतच प्रत्येक गिअरसाठी वेगळ्या मूल्याचा रेझिस्टर बसवतात, आणि बाहेर एकच सिग्नलची वायर काढतात. गिअर बदलला की त्या वायरीवरचं व्होल्टेज बदलतं. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, ते वाचून गिअर ओळखतो. वायर वाचते, तांबं वाचतं. पण एक नवं दुखणंही येतं. कनेक्टरमध्ये पाणी शिरून हिरवट गंज चढला तर तो गंजच एका जास्तीच्या रेझिस्टरसारखा वागतो, व्होल्टेज थोडं सरकतं, आणि मीटर बिनधास्त चुकीचा गिअर दाखवतो. सहा वायरींच्या पद्धतीत एक वायर तुटली तर एवढंच होतं, की तो एक आकडा उमटत नाही. गप्प बसणारं उपकरण खोटं बोलणाऱ्यापेक्षा बरं, निदान जिथे पावसाळा भीमाशंकरसारखा असतो तिथे.

आता इंडिकेटरची दुसरी जात. ही ड्रमकडे बघतच नाही.

तिचा विचार असा: कोणत्याही एका गिअरमध्ये, क्लच पूर्ण सुटलेला असताना, इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग यांचं प्रमाण ठरलेलं असतं. वेग दुप्पट झाला तर फेरेही दुप्पट. म्हणजे फेऱ्यांना वेगाने भागलं की गिअर कळायला हवा. १०० सेक्शनचा, १७ इंची टायर घेऊ. त्याचा घेर साधारण १.९२ मीटर. ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ३४७ वेळा फिरतं. उदाहरणापुरतं समजा, पाचव्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ९.३ फेरे होतात, चौथ्यात ११, तिसऱ्यात १४, दुसऱ्यात १९.५. मग ताशी ४० ला पाचव्यात इंजिन ३,२०० च्या थोडं वर फिरेल, चौथ्यात ३,८०० च्या आसपास, तिसऱ्यात ४,८५०, दुसऱ्यात ६,७५० च्या पुढे. ताशी एका किलोमीटरमागे किती फेरे, एवढाच आकडा काढला तर पाचव्याला ८१, चौथ्याला ९५, तिसऱ्याला १२१ आणि दुसऱ्याला १६९ येतात. इंडिकेटरमधली चिप दर क्षणी हा भागाकार करते आणि उत्तर कोणत्या आकड्याच्या जवळ आहे ते बघते.

बाजारात कोणत्याही गाडीला चालेल म्हणून जे इंडिकेटर मिळतात त्यांतले बरेच या जातीचे. इंजिन उघडायचं काम नाही, फेऱ्यांची वायर आणि स्पीड सेन्सरची वायर मिळाली की झालं. आधुनिक गाड्यांवर काही तर डायग्नोस्टिक सॉकेटमध्येच खोचतात आणि ईसीयूकडून दोन्ही आकडे मागून घेतात. बसवायला सोपे, म्हणून लोकप्रिय.

पण पोखरीच्या घाटात त्यांची परीक्षा घ्या. क्लच दाबला की इंजिनचा आणि चाकाचा संबंध तुटतो, भागाकार निरर्थक होतो. चांगलं उपकरण अशा वेळी एक आडवी रेघ दाखवतं. स्वस्तातलं, भागाकार ज्या आकड्याजवळ येईल तो दाखवून मोकळं होतं. वळणावर हाफ क्लचवर गाडी रांगते आहे तेव्हा आकडा नाचतो. एसटीसाठी चढावर थांबलात, तर वेग शून्य, आणि शून्याने कुणालाच भागता येत नाही. गाडी दुसऱ्यात आहे की पहिल्यात हे नेमकं उचलताना हवं असतं, तेव्हाच डिस्प्ले रिकामा. खडीवर किंवा चिखलात मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि स्पीड सेन्सर पुढच्या चाकावर असला, तर इंजिन जोरात आणि वेग कमी, म्हणून तो खालचा गिअर सांगतो. गिअर नीट न पडता दोन गिअरच्या मध्ये अडकला, ज्याला सगळे फॉल्स न्यूट्रल म्हणतात, तरी हा भागाकारच करत बसतो. उतारावर मात्र तो उत्तम चालतो: थ्रॉटल बंद, क्लच सुटलेला, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरतंय, अशा वेळी प्रमाण अगदी पक्कं असतं. लांब उतारावर ब्रेक तापू न देता उतरायचं तर इंजिनाने असंच ओढून धरायला हवं, आणि आपण खरंच दुसऱ्यातच आहोत हे तेव्हा कळलं तर बरंच.

महामार्गावर फिरणाऱ्याला हिशेब करणारा इंडिकेटर चालेल. घाटातल्या माणसाने ड्रमकडे बघणारा घ्यावा. माझं मत एवढं स्पष्ट आहे, त्यासाठी स्प्रॉकेटचं झाकण उघडावं लागलं तरी.

त्यातही पुढच्या स्प्रॉकेटचा एक किस्सा हिशेबवाल्यांना माहीत हवा. ॲव्हरेज वाढावं म्हणून काही जण पुढचा १४ दातांचा स्प्रॉकेट काढून १५ चा टाकतात. सगळे प्रमाण जवळपास ७ टक्क्यांनी खाली येतात. वरच्या उदाहरणात चौथ्याचे ९५ आता ८९ होतात, आणि ८९ हा जुन्या चौथ्याच्या ९५ आणि पाचव्याच्या ८१ यांच्या जवळजवळ मधोमध आहे. यंत्राला सांगता येत नाही की चौथा की पाचवा, आणि ते दोन्हींमध्ये हेलकावे खातं. गाडीवाला म्हणतो डिस्प्ले बिघडला. डिस्प्ले ठीक आहे. तो जुन्या चेन सेटचा धडा पाठ करून बसला आहे.

ड्रमवाला बसवायचा तर आधी आपल्या इंजिनाला चालणारा सेन्सर मिळतो का हे बघायचं. अनेकदा एकाच इंजिनाच्या महागड्या मॉडेलला कंपनीने सहा टोकांचा सेन्सर दिलेला असतो आणि स्वस्त मॉडेलला फक्त न्यूट्रल स्विच. दोघांची जागा आणि स्क्रू एकच. मग काम सोपं. पण फक्त बाहेरून जुळतो म्हणून घेऊ नका. ड्रमच्या टोकाला टिकली आणि तिची स्प्रिंग आहे का, आणि ती नव्या सेन्सरच्या वर्तुळावर टेकते का, हे झाकण काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देण्यात अर्थ नाही.

काम गार इंजिनावर करायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. काही इंजिनांत हा स्विच ऑइलच्या पातळीखाली असतो, तेव्हा गाडी उजवीकडे कलती ठेवायची किंवा ऑइल बदलण्याच्या वेळीच हे काम उरकायचं. जुना ओ-रिंग पुन्हा वापरण्यात काटकसर नाही. तिथून झिरपलेलं ऑइल चेनवर आणि तिथून मागच्या टायरवर जातं. स्क्रू छोटे असतात आणि ॲल्युमिनियममध्ये शिरलेले, हात जड असला की आटे जातात.

सेन्सर बसला की वायरी डिस्प्लेला जोडण्याआधी मल्टिमीटर काढायचा. एक टोक चासीला, दुसरं एकेका वायरीला, आणि गिअर एकेक टाकत बघायचं कोणती वायर कधी अर्थ होते. इथे नवशिके अडतात. इंजिन बंद असताना दुसऱ्याच्या पुढे गिअर पडत नाही, आणि सेन्सर खराब निघाला असं वाटतं. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने सावकाश फिरवत गिअर टाकायचा. आतले ठोकळे खाचांसमोर आले की तो पडतो. वायरींच्या रंगावर विसंबू नये, तो कंपनीगणिक बदलतो.

विजेसाठी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी वायर निवडायची. थेट बॅटरीवरून घेतलेला डिस्प्ले दिवसरात्र वीज खातो. ३० मिलिअँपिअर ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला ते ०.७२ अँपिअर-अवर होतात, आणि ४ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी आठवड्याच्या आत झोपते. निवडलेल्या वायरीवर १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज लावायचा. वायर जिथे जोडायची तिथे सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली जोडणी एका श्रावणात सुटते. मूळ वायरिंग न कापता मध्ये घालायचा कनेक्टर मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण कापलेली वायर दिसली की विजेच्या भागांची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. आणि एबीएसच्या चाकाच्या सेन्सरची वायर कुठल्याही ॲक्सेसरीसाठी फोडू नये. गिअरचा आकडा ही ब्रेकशी खेळण्याएवढी गरजेची गोष्ट नाही.

वायर वर नेताना स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून बघायची. वायर कुठे ताणली जात नाही ना, कुठे चिमटीत सापडत नाही ना, ते पाहायचं. कनेक्टर तोंड खाली करून बसवायचे आणि आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरायचं. डिस्प्लेची जागा अशी निवडायची की नजर रस्त्यावरून फार खाली जाणार नाही. लाल एलईडी दुपारच्या उन्हात दिसत नाही म्हणून लोक तेजस्वी घेतात, आणि भीमाशंकरजवळच्या निगडाळेच्या पुढे जंगलात संध्याकाळी धुकं उतरलं की तोच डोळ्यांत घुसतो. ज्याचा उजेड कमी-जास्त करता येतो तो घ्यावा, नसेल तर एक रेझिस्टर वाढवून मंद करावा.

हिशेब करणाऱ्या जातीचा घेतलाच असेल, तर त्याला गिअर शिकवावे लागतात. बटण दाबून ठेवायचं आणि प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद एका वेगाने चालवायचं. तो प्रमाण टिपून घेतो. हे घाटात होत नाही. त्यासाठी मंचर ते घोडेगावमधला सपाट भाग, तोही सकाळी, गर्दी नसताना चांगला. श्रावणी सोमवार टाळा. त्या दिवशी खासगी गाड्या देवळाच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं, आणि वाटेत एका वेगाने तीन सेकंदही चालवता येत नाही. चेन सेट बदलला, टायर वेगळ्या मापाचा टाकला, की हाच धडा पुन्हा द्यायचा.